आंजर्ल्याच्या घरात पाहुणे किती रात्री राहतात: एका हंगामाच्या वापरानंतर

दापोली तालुक्यातील आंजर्ले येथील आमचे वडिलोपार्जित घर आम्ही २०२४च्या दिवाळीपासून एका मोठ्या आरक्षण अ‍ॅपवर पर्यटकांसाठी खुले केले. अशा अ‍ॅपविषयीचे बहुतेक अभिप्राय कमिशन, छायाचित्रे आणि मिळालेले तारे यांबद्दल असतात. मी येथे केवळ मुक्कामाच्या लांबीविषयी, म्हणजे एक पाहुणा किती रात्री राहतो आणि अ‍ॅपमधील ‘किमान रात्री’, ‘साप्ताहिक सवलत’ यांसारख्या सोयींनी त्यात काही फरक पडतो का, याविषयी लिहीत आहे. घर भाड्याने देण्यातला नफा-तोटा जवळजवळ सगळा याच आकड्यावर ठरतो, असे माझे मत झाले आहे.

आमच्याकडील बहुसंख्य मुक्काम दोन रात्रींचे होते, त्याखालोखाल एका रात्रीचे, आणि तीन किंवा अधिक रात्रींचे त्यामानाने फारच थोडे. याचे कारण मुख्यतः रस्त्यात आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे किंवा मुंबईहून महामार्गाने निघालेल्या कुटुंबाला मुलांच्या खाण्यापिण्यासह सहा तास सहज लागतात, त्यामुळे एका रात्रीसाठी येणे त्यांच्या जिवावर येते. आणि शनिवार-रविवारला जोडून एखादी रजा मिळाली, तरच दुसरी रात्र पदरात पडते. लोणावळा किंवा अलिबागला घर असलेले आमचे परिचित सांगतात की त्यांच्याकडे एका रात्रीचे गिऱ्हाईक सर्वाधिक असते, आणि अंतर पाहता ते स्वाभाविकही आहे. ‘घर सुंदर असेल तर लोक आपोआप जास्त राहतात’ हा समज मला तरी खरा वाटला नाही. घर आवडलेले पाहुणे पुन्हा येतात, पण दुसऱ्या खेपेलाही तितक्याच रात्री राहतात.

दुसरा वाटा पंचांगाचा. २०२४ साली भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला आली आणि शाळांना सुट्टी होती, म्हणून त्यानंतरच्या आठवड्यात, एरवी ओस असणाऱ्या सोमवार ते गुरुवारच्या रात्रीही तीन-तीनच्या गटाने भरल्या. उलट २०२५चा प्रजासत्ताक दिन रविवारी पडल्यामुळे तो शनिवार-रविवार इतर कोणत्याही आठवड्यासारखाच गेला. एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकर जयंती सोमवारी, १४ तारखेला, आणि गुड फ्रायडे त्याच आठवड्यात १८ तारखेला आल्याने दोन्ही वेळी पूर्ण दोन रात्रींची आरक्षणे मिळाली. त्यामुळे नव्या वर्षाची दिनदर्शिका घरी आली की मी आता सण पाहण्याआधी वार पाहतो. (गणपतीत आणि शिमग्याला घर आमचेच असते, त्या तारखा आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून टाकतो आणि त्याबद्दल घरात चर्चाही होत नाही.)

अ‍ॅप यजमानाला ‘सरासरी मुक्काम’ दाखवते, आणि या आकड्याबद्दल मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. समजा, चार आरक्षणे दोन-दोन रात्रींची आहेत आणि एक २८ रात्रींचे आहे, तर एकूण ३६ रात्री भागिले पाच, म्हणजे सरासरी ७.२ रात्री येते. प्रत्यक्षात सात रात्री एकही पाहुणा राहिलेला नसतो. आरक्षणे लांबीच्या चढत्या क्रमाने मांडून मधले पाहिले, तर उत्तर ‘दोन’ असे येते आणि तेच व्यवहारात उपयोगी पडते. चादरींचे किती जोड हवेत, देखभाल करणाऱ्या मावशींना आठवड्यातून कितीदा बोलवावे लागेल, हे या मधल्या आकड्यावरून ठरते. अ‍ॅपने सरासरीऐवजी, किंवा निदान तिच्या शेजारी, एका रात्रीची किती, दोन रात्रींची किती, असा सरळ तक्ता दिला असता तर बरे झाले असते. तो आम्हाला वहीत हाताने करावा लागतो.

साप्ताहिक सवलत सात रात्रींपासून आणि मासिक सवलत २८ रात्रींपासून लागू होते. आम्ही दोन्ही ठेवून पाहिल्या आणि त्यांचा परिणाम जवळपास शून्य होता, कारण ज्याच्या हातात दोनच दिवस आहेत त्याला दहा टक्के सूट दाखवून त्याची रजा वाढत नाही. या सवलतींची आखणी वेगळ्या प्रकारच्या प्रवाशाला समोर ठेवून झालेली दिसते. युरोपातील सुट्टीच्या घरांमध्ये शनिवार ते शनिवार असा आठवड्याचा करार करण्याची जुनी पद्धत आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातही चार्टर विमानाने येणारे परदेशी पर्यटक बहुधा एक किंवा दोन आठवड्यांसाठी येतात, कारण विमानच आठवड्याच्या फेरीने येते-जाते. तिथे मुक्काम विमान ठरवते. आमच्याकडे तो पाहुण्याची स्वतःची मोटार आणि सोमवारचे ऑफिस ठरवते.

ज्या सवलतीने खरोखर फरक पडला ती रविवारच्या रात्रीची. आमच्याकडे एक पाहुणा जाऊन दुसरा येईपर्यंत चादरी-टॉवेलची धुलाई, झाडलोट, स्वयंपाकघराची सफाई आणि किरकोळ दुरुस्ती मिळून साधारण ९०० रुपये लागतात, मग पाहुणा एक रात्र राहो की चार. रात्रीचे भाडे ३,५०० रुपये धरले तर एका रात्रीच्या मुक्कामात हा खर्च उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक होतो आणि तीन रात्रींत तो नऊ टक्क्यांच्या आत येतो. म्हणून आम्ही रविवारच्या रात्रीचे भाडे जवळजवळ निम्म्यावर आणले. हंगामात रविवारी संध्याकाळी शहरांकडे परतणाऱ्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना त्याचा अर्थ लगेच कळला: रविवारी दुपारी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव निवांत पाहायचा, रात्री घरीच जेवायचे आणि सोमवारी पहाटे निघून दुपारपर्यंत कामावर हजर व्हायचे. असे करू शकणारे पाहुणे थोडे असले तरी एरवी रिकामी राहणारी रात्र त्यांच्यामुळे भरली आणि त्यासाठी वेगळ्या सफाईचा खर्च आला नाही.

‘किमान दोन रात्री’ ही अट मात्र सरसकट वर्षभर ठेवण्यासारखी नाही. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत आंजर्ले आणि वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. हे पाहायला येणारा माणूस संध्याकाळी एकदा, आणि तेव्हा पिल्ले नसतील तर सकाळी पुन्हा, किनाऱ्यावर जातो. म्हणजे त्याला एकच रात्र हवी असते. अट कायम ठेवली तर तो वेळासमधील घरगुती निवासाकडे वळतो. शिवाय दोन आरक्षणांच्या मध्ये एकटी पडलेली रात्र या अटीमुळे कोणालाच दिसत नाही आणि तशीच वाया जाते. अशा तारखांपुरती अट शिथिल करण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण ती प्रत्येक तारखेला स्वतः जाऊन लावावी लागते.

लांब मुक्कामांमध्ये दोन प्रकारचे लोक आढळले. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेतून किंवा आखातातून आलेली मराठी कुटुंबे आई-वडिलांना घेऊन चार-पाच रात्री राहतात आणि कड्यावरचा गणपती, केळशी, मुरूड असे एकेका दिवशी एकच ठिकाण पाहतात. आमच्या अनुभवात सर्वांत समाधानी पाहुणे हेच. दुसरे घरून काम करणारे. त्यांचा पहिला प्रश्न इंटरनेटचा आणि दुसरा वीज गेल्यास काय, हा असतो. इन्व्हर्टर बसवल्यानंतर त्यांच्या चौकशा वाढल्या, तरी आठवड्यापलीकडे राहिलेले विरळाच. महिनाभरासाठी कोणी विचारले तर आम्ही करारनाम्याची बाजू वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय होकार देत नाही.

एक तक्रार वेळांबाबत. सकाळी अकराला घर सोडण्याची अ‍ॅपमधील वेळ शहरातल्या हॉटेलला शोभते. कोकणात आलेला पाहुणा दुपारचे माशांचे किंवा उकडीच्या मोदकांचे जेवण केल्याशिवाय हलत नाही. पुढचे आरक्षण नसेल तेव्हा आम्ही तीनपर्यंत थांबू देतो, आणि त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामालाही जवळपास दोन पूर्ण दिवस मिळतात. अभिप्रायांत याचा उल्लेख घराच्या सजावटीपेक्षा अधिक वेळा आला आहे.

सध्या आमची मांडणी अशी आहे: नोव्हेंबर ते मे शुक्रवारी आणि शनिवारी येणाऱ्यांसाठी किमान दोन रात्री, कासवांच्या दिवसांत आणि आठवड्याच्या मधल्या वारी एक रात्र, दिवाळीच्या सुट्टीत आणि वर्षअखेरीस तीन. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि आरक्षण बहुधा आदल्या दिवशी, पावसाचा अंदाज पाहूनच होते. त्या काळात आम्ही कोणतीही अट ठेवत नाही, फक्त त्याच दिवशीचे आरक्षण दुपारनंतर बंद करतो, कारण ओल्या चादरी वाळायला तेवढा वेळ लागतोच.