एंडेव्हरचं १:६० किट, काही महिन्यांनंतर: लाकूड उत्तम, दोरा भिकार

एंडेव्हर या जुन्या शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल (१:६०, म्हणजे खऱ्याच्या साठाव्या भागाएवढं) बांधतोय. किटमधल्या दोऱ्याबद्दल केलेल्या दुसऱ्या तक्रारीनंतर कंपनीने पाठवलेलं पाकीट फोडलं, तर आत पुन्हा तोच तपकिरी, लव सुटलेला दोरा. म्हणून हे लिहितोय. किटमध्ये काय काय येतं ते डब्यावर छापलेलं आहे, त्यात शिरत नाही.

आधी चांगलं. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कूकची एंडेव्हर मुळात कोळसा वाहायला १७६४ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबीत बांधलेलं जहाज. त्यामुळे पोट फुगीर, नाळ (पुढचं टोक) बोथट. इथेच सगळं अडणार याची मला खात्री होती. अडलं नाही. सांगाड्याचे आडवे तुकडे इतके नेमके कापलेत की लाइमवुडच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वळवल्या की मुकाट बसतात. वरचा अक्रोडाचा थर तर पॉलिश पेपरने घासायलाही जीव होत नाही. तोफा, होड्या, सुकाणू ठीक.

आता दोरा. डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या श्राउडसाठी यांनी १.५ मिमीचा दोरा दिलाय. साठाने गुणा: ९ सेंमी जाड दोर! त्या काळी दोर घेरावर मोजत. म्हणजे घेर झाला ११ इंच. साडेतीनशे-पावणेचारशे टनांच्या जहाजाला हे कशाला हवं? सहा इंची घेर धरला तर मॉडेलवर ०.८ मिमी पुरतो. बरं, रंगही एकच. श्राउडसारखे कायमचे ताणलेले दोर डांबर लावून काळपट झालेले असत, शिडं ओढायचे दोर फिकट. इथे दोन्हीला एकच तपकिरी. शिवाय डेडआयच्या (श्राउड ताणायच्या लाकडी चकत्यांच्या) तीन भोकांतून ओवताना लव अडकते आणि दोरा फुलतो.

मधमाश्यांचं मेण चोळलं की लव बसते, असं मीही बरेच दिवस इतरांना सांगत होतो. तो सल्ला मागे. मेणावर धूळ चिकटते आणि खालून दोरा पुन्हा केसाळ दिसायला लागतो.

तयार दोर विकत मिळतात. पण किटच्या पैशात दोरा आलेला असताना पुन्हा दोऱ्यासाठी पैसे मोजायचे? जिवावर येतं. मोडक्या खेळण्यातली मोटर काढली, एका बाजूला तीन आकड्या, समोर एक, आणि घरीच दोर वळायला घेतला. धागा पॉलिस्टरचा घ्या, सुती नको. एक खोच मात्र आहे. शिवणाचा धागा बहुतेक उजव्या पिळाचा असतो; असे तीन एकत्र वळले की दोर डाव्या पिळाचा होतो, आणि जहाजावरचे बहुतेक दोर उजव्या पिळाचे. म्हणून डाव्या पिळाचा धागा शोधावा लागतो. घरचे म्हणतात, कोणाला कळणारे? मला कळतं ना!

घरच्या दोराने पुढची डोलकाठी पूर्ण झाली. श्राउडवरच्या आडव्या पायऱ्या सहा मिलिमीटरवर, प्रत्येक ठिकाणी क्लोव्ह हिचची गाठ. सावकाश काम आहे, पण एका नजरेत जहाज खरं वाटतं.

घ्यायचं असेल तर लाकडासाठी जरूर घ्या, दोऱ्याची पाकिटं बाजूला ठेवा. कंपनीचं तिसरं उत्तर आलंय: जाड दोरा नांगराला वापरा. अहो, या रुंदीच्या जहाजाच्या नांगराचा दोर मॉडेलवर दोन मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. तिथे तुमचा दोरा बारीक पडतो.