डोंगल, खिशातला ॲम्प की टेबलावरचा संच? हेडफोनसाठी खर्च करण्यापूर्वी

ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक काढून टाकला आणि पुढच्या काही वर्षांत इतर बहुतेक कंपन्यांनीही तीच वाट धरली, तेव्हापासून तारेचे हेडफोन वापरणाऱ्याला एक वस्तू वेगळी विकत घ्यावी लागते. ती वस्तू दोन कामे करते. फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग म्हणजे डॅक, आणि त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देणारा भाग म्हणजे ॲम्प. पूर्वी ही दोन्ही कामे फोनच्या आतच होत असत. आता ती फोनच्या खोबणीत लावायच्या हजार रुपयांच्या छोट्या डोंगलपासून लाखाच्या घरात जाणाऱ्या संचापर्यंत कोणत्याही किमतीला बाहेर करून घेता येतात. जाहिरातींचा सारा भर डॅकच्या चिपवर असतो, पण निर्णय घेताना चिपचे नाव सर्वांत शेवटी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी आपला हेडफोन पाहावा, कारण त्याची गरज आकड्यांत मांडता येते.

हे आकडे दोन आहेत: इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजलेला अवरोध, आणि संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो. १९९७ पासून बाजारात असलेला सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे आणि त्याची संवेदनशीलता ९७ डेसिबल धरली, तर ११० डेसिबलच्या क्षणिक शिखरासाठी त्याला सुमारे २० मिलिवॉट लागतात. ३०० ओहमवर एवढी शक्ती पोहोचवायची तर जवळपास २.४५ व्होल्ट हवेत, मात्र प्रवाह अवघा ८ मिलिअँपिअर पुरतो. याउलट हायफायमॅनचा सुंदारा हा प्लेनर प्रकारचा, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा, हेडफोन ३७ ओहमचा आणि कागदावर ९४ डेसिबलचा आहे. त्याच शिखरासाठी त्याला सुमारे १.२ व्होल्ट पुरतात, पण प्रवाह ३३ मिलिअँपिअर लागतो. एकाला दाब हवा, दुसऱ्याला ओघ हवा. प्लेनर म्हटला की मोठा ॲम्प हवाच, असे सरसकट सांगितले जाते, ते निदान या हेडफोनच्या बाबतीत आकड्यांना धरून नाही.

आता ॲपलचा यूएसबी-सी डोंगल घेऊ. त्याची किंमत हजार रुपयांच्या आसपास असते, तो साधारण १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा अवरोध, १ ओहमच्या आत आहे. या १ व्होल्टवर सुंदारा १०८ डेसिबलच्या शिखरापर्यंत जातो, तर एचडी ६०० सुमारे १०२ डेसिबलपर्यंत. सध्याची चित्रपटगीते मोठ्या पातळीवर मुद्रित केलेली असल्यामुळे त्यांना १०२ डेसिबल भरपूर होतात. शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे मात्र तसे नसते. आलापाची पातळी फार खाली ठेवलेली असते आणि तबल्याचा एखादा ठोका तिच्यापेक्षा कितीतरी वर उसळतो. आलाप नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला, की एचडी ६०० ला हा डोंगल थोडा अपुरा पडतो. आणखी एक अडचण खरेदीपूर्वी माहीत असावी. कित्येक अँड्रॉइड फोनवर हा डोंगल पूर्ण व्होल्टेज देत नाही आणि आवाज दबलेला राहतो. शिवाय युरोपसाठी बनवलेल्या ए२१५५ या प्रकाराचे व्होल्टेज मुळातच सुमारे निम्मे आहे, म्हणून तिकडून कोणी आणून देणार असेल तर क्रमांक पाहून घ्यावा.

याच आकाराच्या, पण थोड्या महाग डोंगलांमध्ये मूनड्रॉपचा डॉन प्रो हा चांगला नमुना आहे. ३.५ मिमीच्या जॅकवर तो २ व्होल्ट देतो आणि ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांना पूर्ण वेगळ्या तारा देणाऱ्या, जॅकवर ४ व्होल्ट. बॅलन्स्ड जोडणीचा फायदा म्हणजे मुख्यतः हे दुप्पट व्होल्टेज. तिच्यामुळे आवाजाला काही वेगळा पोत येतो, असे मला कधी जाणवलेले नाही. एचडी ६०० च्या दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या आणि काढता येण्याजोग्या असल्यामुळे नुसती केबल बदलून ४ व्होल्ट वापरता येतात आणि शिखर ११४ डेसिबलपर्यंत जाते. ऑडिओ-टेक्निकाच्या एम५०एक्सला एकाच बाजूने एकच तार येते, त्यामुळे त्याला आतून बदल केल्याशिवाय बॅलन्स्ड जोडणी करता येत नाही. पण ३८ ओहम आणि ९९ डेसिबलच्या त्या हेडफोनला तिची गरजही नाही. असे डोंगल आपली वीज फोनच्या बॅटरीतून घेतात, हा त्यांचा खरा तोटा होय.

स्वतःची बॅटरी असलेल्या खिशातल्या यंत्रांमध्ये आयफायचा हिप-डॅक बराच प्रसिद्ध आहे. बॅलन्स्ड जोडणीवर, ३२ ओहमच्या भाराला ४०० मिलिवॉट, असा कंपनीचा आकडा आहे. डोंगलच्या मानाने ही शक्ती पुष्कळ आहे आणि ज्यांचे हेडफोन चालवायला खरोखर जड आहेत त्यांना ती उपयोगी पडते. मात्र रोज लोकलने जाणाऱ्याने हातात फोन, त्याला लोंबणारी तार आणि तिच्या टोकाला हे यंत्र, असे चित्र डोळ्यांसमोर आणूनच विचार करावा. लिथियम बॅटरी काही वर्षांनी उतरते, हेही किमतीत धरायला हवे, कारण डोंगलमध्ये झिजणारे असे काही नसते. सुरुवातीच्या हिप-डॅकला जुन्या यूएसबी-ए पद्धतीची जोडणी होती आणि फोनसाठी वेगळा जोड लागत असे. वापरलेले यंत्र घेणाऱ्याने हे तपासावे.

टेबलावरचा संच ज्याची ऐकण्याची जागा ठरलेली आहे त्याच्यासाठी. अमेरिकेतल्या शीटचा मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्जचा ॲटम यांसारखे ॲम्प हेडफोनला लागेल त्याहून कितीतरी जास्त शक्ती देतात आणि आवाज कमी-जास्त करण्याची त्यांची मोठी गोल कळ बोटाला फार बरी वाटते. रोजच्या वापरात हे सुख लहान नाही. परंतु हे ॲम्प भिंतीतल्या वेगळ्या अडॅप्टरवर चालतात. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून असा संच मागवताना अडॅप्टर तिथल्या ११५-१२० व्होल्टचा आला आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत तसाच लावला, तर यंत्र पहिल्याच दिवशी जळू शकते.

घरातल्या विजेचा आणखी एक प्रश्न इथेच उभा राहतो. ॲम्प एका खोबणीत, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या खोबणीत आणि दोन्ही यंत्रे मधल्या डॅकमार्गे यूएसबीच्या तारेने जोडलेली, अशी मांडणी झाली की अर्थिंगमधल्या फरकामुळे हेडफोनमध्ये बारीक घुमणारा आवाज येऊ लागतो. जुन्या इमारतींत, जिथे तिसऱ्या पिनेला नुसते भोक असते आणि मागे तार नसते, तिथे हा त्रास विशेष होतो. मी स्वतः आधी ॲम्पलाच दोष दिला होता. चार्जर काढल्याबरोबर आवाज थांबला तेव्हा कारण कळले. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्याने पुष्कळदा काम भागते. फोन आणि डोंगल किंवा फोन आणि बॅटरीचे यंत्र अशा जोडीत भिंतीतली वीजच नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हा मुद्दा निर्णायक वाटू शकतो.

कानात घालायचे बारीक इयरफोन असतील तर हिशेब उलटा होतो. त्यांना शक्ती नगण्य लागते. त्यांना हवी असते शांतता आणि कमी आउटपुट इम्पीडन्स. समजा, एखाद्या अनेक ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणारे अनेक बारीक घटक असलेल्या, इयरफोनचा इम्पीडन्स एका स्वरावर ३० ओहम आणि दुसऱ्या स्वरावर ६ ओहम आहे. १० ओहम आउटपुट इम्पीडन्स असलेल्या ॲम्पला तो लावला, तर या दोन स्वरांच्या पातळीत सुमारे ६ डेसिबलचा नवाच फरक पडतो, म्हणजे इयरफोन बनवणाऱ्याने साधलेला तोल बिघडतो. तोच इयरफोन १ ओहमच्या डोंगलला लावल्यास फरक १ डेसिबलवर येतो. जोरदार ॲम्पची बारीक सळसळही अशा संवेदनशील इयरफोनमध्ये ऐकू येते. त्यामुळे केवळ इयरफोन वापरणाऱ्याने टेबलावरच्या संचावर पैसे घालवू नयेत.

ब्लूटूथने जोडून तारेचे हेडफोन चालवणारे छोटे रिसीव्हरही मिळतात. ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याच्या सोनीच्या एलडॅक पद्धतीत जास्तीत जास्त ९९० किलोबिट प्रतिसेकंद जातात, सीडीचा दर १४११ आहे, आणि आयफोन तर एलडॅक देतच नाही. प्रवासाला ते सोयीचे आहेत, एवढेच.

खोक्यावर छापलेल्या ७६८ किलोहर्ट्झसारख्या आकड्यांसाठी, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले या दरासाठी, वेगळे पैसे मोजू नयेत. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माणसाच्या श्रवणमर्यादेला पुरेसे आहेत, आणि फितीवर मुद्रित झालेल्या जुन्या मैफलींत फितीची स्वतःची खरखर त्याच्या खूप आधी आडवी येते. एमक्यूए या संगीत दाबून पाठवण्याच्या पद्धतीच्या खुणेचेही तसेच: ती कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत येऊन विकली गेली आणि टायडल या संगीतसेवेने २०२४ मध्ये ती पद्धत सोडली.

दोन यंत्रांची प्रत्यक्ष तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो आणि दुकानातल्या बहुतेक चाचण्या इथेच फसतात. दुहेरी जोड लावून हेडफोन जोडलेला ठेवावा, १०० हर्ट्झचा एकसारखा स्वर वाजवावा आणि साध्या मल्टिमीटरवर एसी व्होल्टेज दोन्ही यंत्रांना एक टक्क्याच्या आत जुळवून घ्यावे. नंतर ओळखीच्या मैफलीची पहिली पाच मिनिटे ऐकावीत: नुसता तानपुरा चालू असताना मागे सळसळ आहे का, जवारीची झळाळी दोन्हीकडे तशीच आहे का, आणि तबला सुरू झाल्यावर पहिली थाप चिरकते का. कोणते यंत्र कोणते हे दुसऱ्याने गुप्त ठेवून दहा वेळा अदलाबदल केली आणि आपल्याला दोन्हींतला फरक सांगता आला नाही, तर महागडे यंत्र परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी परत करावे आणि ती रक्कम हेडफोनसाठी ठेवावी.