टब की सिलिंडर? इंग्लंडात घरी बाळंत होताना कळांसाठी काय निवडावं

घरीच बाळंत व्हायचं ठरलंय, मिडवाइफचा, म्हणजे प्रशिक्षित सुईणीचा, होकार आहे, पुण्याहून आलेली आई डिंकाचे लाडू वळायला बसलीय. आता प्रश्न उरतो तो कळा सोसण्याचा. एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ सुईने देतात ती बधिरता, घरी मिळत नाही. ते हवंसं वाटलं की रुग्णालय गाठायचं, एवढं साधं आहे. पेथिडिन किंवा डायामॉर्फिन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचं इंजेक्शन काही भागांत घरी देतात, पण त्याची चिठ्ठी आधी काढून ठेवावी लागते, बाळ गुंगीत जन्मू शकतं, आणि घेतल्यापासून दोन तास पाण्यात उतरता येत नाही. त्यामुळे बहुतेक घरांत खरी निवड दोघांतच होते: कोमट पाण्याचा फुगवायचा टब आणि ‘गॅस अँड एअर’, म्हणजे एंटोनॉक्सचा सिलिंडर. टेन्सचं यंत्र, म्हणजे पाठीला चिकटवलेल्या पट्ट्यांतून हलका विजेचा प्रवाह सोडणारं, या दोघांच्या स्पर्धेत नाही. ते सुरुवातीचे तास काढायला असतं, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधीच सांगतो, आमच्या घरी दुसऱ्या खेपेला कौल सिलिंडरच्या बाजूने पडला. कळा काही मला आल्या नव्हत्या; माझ्या वाट्याला पाणी, नळ्या आणि घड्याळ होतं. तेव्हा हे त्या बाजूने लिहिलेलं आहे, हे धरून वाचा.

टबाची बाजू मुळात भक्कम आहे. पाण्यात शरीर हलकं होतं, कंबर सुटते, कूस बदलायला कुणाचा आधार लागत नाही. पाण्यात कळा काढणाऱ्या बायका एपिड्यूरल कमी मागतात, असं अभ्यासांतही दिसतं. गॅसने दुखणं जरा दूर गेल्यासारखं वाटतं. पाण्यात दोन कळांमधली विश्रांती खरी विश्रांती होते. हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही.

अडचण आहे ती पाणी भरण्याची.

दोन माणसं मावतील अशा टबात साधारण ६०० लिटर पाणी लागतं. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय, नळ सोडला की तिथल्या तिथे पाणी तापवणारा) मिनिटाला १० लिटर गरम पाणी देत असेल तर सरळ एक तास झाला. जानेवारीत मुख्य नळाचं पाणीच इतकं गार येतं की त्याच बॉयलरचा वेग खाली येतो. जुन्या घरात गरम पाण्याची टाकी असेल तर गणित आणखी बिघडतं. टाकीतलं १५० लिटर पाणी ६० अंशांचं आणि नळाचं १० अंशांचं धरलं, तर दोन्ही मिसळून ३७ अंशांचं पाणी जेमतेम पावणेतीनशे लिटर होतं. म्हणजे अर्धा टबसुद्धा नाही, आणि टाकी पुन्हा तापेपर्यंत हात चोळत बसायचं. मग मोठी पातेली चढतात, किटल्या लागतात. १.७ लिटरची एक उकळती किटली ६०० लिटर पाण्यात ओतली तर तापमान अंशाच्या पाचव्या भागाइतकंही वाढत नाही. एक अंश चढवायला सहा किटल्या. हा हिशोब कागदावर ठीक दिसतो. पहाटे तीन वाजता बायको ‘कंबर दाब, कंबर दाब’ म्हणत असताना नवरा स्वयंपाकघरात किटलीसमोर उभा असतो, तेव्हा तो कळतो.

भरून ठेवावं तर तेही चालत नाही. हीटर आणि फिरता पंप लावून आधीपासून पाणी गरम ठेवणारे टब पूर्वी भाड्याने मिळत. जून २०१४ मध्ये अशा टबात घरी जन्मलेल्या बाळाला लीजनेअर्सचा आजार (जंतूंमुळे होणारा गंभीर न्यूमोनिया) झाल्यावर इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ते घरी वापरू नयेत असं सांगितलं. कोमट पाणी दिवसेंदिवस साठवलं की त्यात जंतू वाढतात, एवढं सोपं कारण. म्हणजे टब कळा सुरू झाल्यावरच भरायचा. कळा सुरू झाल्यावर म्हणजे नेमकं कधी? लवकर भरला तर पाणी निवतं, आणि फार लवकर पाण्यात उतरल्यास कळा मंदावू शकतात. उशीर केला तर दुसऱ्या खेपेचं बाळ टबाची वाट बघत नाही. तास-सव्वा तास पुढचं बघून निर्णय घ्यायचा, आणि तो अशा घटकेला की जेव्हा कुणालाच अंदाज येत नसतो. माझ्यापुरता काटा इथेच झुकला. सिलिंडरला असा अंदाज लागत नाही: तोंडात नळी घेतली की १५ ते २० सेकंदांत परिणाम सुरू.

टबाच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. ६०० लिटर म्हणजे ६०० किलो, वर माणूस. इथल्या घरांचे मजले चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपासचा भार धरून आखतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर टब मांडण्याआधी जाणकाराला विचारा; तळमजल्यावरची पक्की जमीन सर्वांत बरी. नळी पिण्याच्या पाण्यासाठीची, नवी घ्या, बागेतली नको. नळाच्या तोटीला बसणारा जोड आधी लावून बघा, कारण स्वयंपाकघरातल्या चौकोनी तोंडाच्या नळांना तो बसत नाही आणि दाब आला की सुटून भिंतीवर फवारा उडतो. टब काठोकाठ भरू नका. बायको आत बसली की पातळी वर येते, आणि नंतर गरम पाणी ओतायलाही जागा हवी. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, तासातासाला थर्मामीटर बुडवायचा. रिकामा करायचा पंप वेगळा लागतो, आणि त्याआधी पाणी गाळणीने नीट उपसून घेतलं नाही तर पंप तुंबतो.

आता सिलिंडर. आत अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन. श्वास ओढला तरच झडप उघडते, म्हणून दर श्वासाला ‘फुस्स’ आवाज येतो. आवाज नसेल तर ओठ नीट मिटलेले नाहीत. सगळ्यांत जास्त चूक होते ती वेळेची. कळ पुरती चढल्यावर नळी तोंडात घेतली की परिणाम कळ उतरताना येतो: दुखणं सगळं सोसून झालेलं आणि वर डोकं गरगरतंय. ‘गॅसचा काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या बायकांचं असंच झालेलं असतं, असा माझा कयास आहे. कळेची पहिली चाहूल लागताच, पोट कडक होऊ लागतानाच, सावकाश खोल श्वास सुरू करायचे. कळ शिगेला पोचून उतरू लागली की नळी खाली. मध्ये साधी हवा. इथे नवऱ्याचा उपयोग होतो: पोटावर तळवा ठेवला तर बऱ्याचदा तिच्या आधी त्याला कडकपणा कळतो आणि तो ‘घे’ म्हणू शकतो. पण नळी त्याने धरायची नाही. तिची तिनेच धरायची असते, कारण गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो आणि गॅस थांबतो. दुसऱ्याने तोंडाशी धरून ठेवली की ती सोय गेली.

त्रास आहेतच. मळमळ, क्वचित उलटी, कोरडं पडणारं तोंड. बर्फाचे तुकडे आणि ओठांना लावायला काहीतरी जवळ ठेवा. खिडकी थोडी उघडी हवी. उच्छ्वासातला गॅस खोलीत साठतो, आणि याच कारणाने २०२२-२३ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या काही रुग्णालयांनी प्रसूती कक्षातला गॅस काही काळ बंद ठेवला होता, तिथे रोज काम करणाऱ्या मिडवाइफांच्या काळजीने.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांसाठी एक खास सूचना. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-१२ निकामी करतं. काही तासांच्या वापराने सहसा बिघडत नाही, पण रक्तात बी-१२ मुळातच कमी निघालं असेल तर ते मिडवाइफच्या कानावर आधी घाला. ‘थोडं कमी आहे, गोळ्या चालू आहेत’ हे आपण सांगायचं विसरतो, कारण आपल्या घरात ते सगळ्यांचंच कमी असतं.

सिलिंडर किती पुरतो? ‘डी’ आकाराच्या नळकांड्यात ५०० लिटर गॅस असतो. मिनिटभराची कळ, त्यात १० ते १५ लिटर, दर तीन मिनिटांनी एक कळ: तासाला दोनशे ते तीनशे लिटर. म्हणजे दोन तास, फार तर अडीच. एक सिलिंडर पुरत नाही. किती येणार आहेत, दुसरी मिडवाइफ आणखी आणणार का, आधीच पोचवतात की मिडवाइफसोबतच येतात, हे ३६ व्या आठवड्यात विचारून घ्या. प्रत्येक भागाची पद्धत निराळी. घरी आधी आणून ठेवले तर ते घराच्या आत, आडवे. गॅरेज किंवा बागेतल्या शेडमध्ये नकोत. उणे ६ अंशांच्या खाली दोन्ही वायू वेगळे होतात: आधी ऑक्सिजनच जास्त येतो, दुखणं कमी होत नाही, आणि शेवटी नायट्रस ऑक्साइड जास्त येतो, ते धोक्याचं. रात्रभर गाडीच्या डिकीत राहिलेला सिलिंडर आला तर वापरण्याआधी तो नीट ऊबेत ठेवून उलटसुलट करावा लागतो. मिडवाइफला हे माहीत असतं, पण ‘हा रात्री कुठे होता?’ एवढं विचारायला हरकत नाही.

आणि तेल. कंबरेला तिळाचं तेल चोळायला आई सज्ज असते, चोळूही द्यावं, बरं वाटतं. पण तेलाचा हात सिलिंडरच्या तोटीला किंवा जोडाला लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडली की पेट घेऊ शकतो. त्या खोलीत समई, मेणबत्ती, उदबत्ती काही नको. देवापुढचा दिवा दुसऱ्या खोलीत लावला तर देव रागावत नाही.

तेल टेन्सलाही नडतं. त्याच्या चार पट्ट्या तेलकट पाठीवर चिकटतच नाहीत, कडा सुटतात आणि एका बाजूला टोचल्यासारखं होतं. म्हणून आधी पट्ट्या, आणि मालीश करायचीच तर मांड्या, पोटऱ्या, खांदे. वरची जोडी ब्राच्या पट्ट्याच्या उंचीवर, खालची ढुंगणाच्या खाचेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. पोटावर कधीच नाही. कळा बेताच्या असतानाच अगदी कमी जोरावर सुरू करायचं, कळ आली की ‘बूस्ट’चं बटण, गेली की परत. कळांचा जोर वाढल्यावर त्याचा उपयोग होतो याला फारसा पुरावा नाही, पण मिडवाइफ येईपर्यंतचे तास तेवढ्याने निघतात, हातात काहीतरी असतं. आणि पाण्यात उतरताना ते काढावंच लागतं. टेन्स, मग सिलिंडर ही साखळी मध्ये कुठे तुटत नाही. टब घेतला तर तिथे एकदा तुटते.

टब आणि गॅस दोन्ही एकदम चालतात, हेही खरं. पहिलटकरणीला मी टबाविरुद्ध फार बोलणार नाही. तिच्या कळा सहसा लांबतात, पाणी भरायला वेळ मिळतो, आणि कंबरेतल्या कळा असतील तर पाण्यासारखं दुसरं काही नाही. मात्र इंग्लंडमधल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना बाळंतपणाआधी किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावं लागलं होतं. आधी मूल झालेल्यांत तेच प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे भरलेला टब घरी ठेवून गाडीत बसायची तयारी तिने ठेवावी.

मन टबाकडेच ओढत असेल तर ३७ व्या आठवड्यात एक चाचणी करा. कॉम्बी बॉयलर असेल तर १० लिटरची बादली ३७ अंशांच्या पाण्याने भरायला लागणारा वेळ मोजा आणि त्याला ६० ने गुणा. टाकी असेल तर ही युक्ती लागू नाही, कारण टाकी मध्येच संपते. तिथे टब खरोखर भरूनच बघा, आतलं नवं अस्तर मात्र बाळंतपणासाठी राखून. आलेल्या आकड्यात टब फुगवायचा आणि नळ्या जोडायचा अर्धा तास मिळवा. पहिली खेप असेल तर दोन तासांपर्यंत चालून जाईल. दुसरी असेल आणि आकडा दीड तासाच्या वर गेला, तर टब गुंडाळून परत करा आणि मिडवाइफला फोन करून एक सिलिंडर जास्त मागून घ्या.