आमरसाची आम्लता: हिशोब सममूल्य भाराने की मोलने?

हापूसचा हंगाम आला की रत्नागिरीकडच्या कॅनिंगच्या लॅबमध्ये नवी मुलं येतात आणि दोनच दिवसांत विचारतात, "सर, नॉर्मॅलिटी धरू की मोलॅरिटी?" मोलॅरिटी म्हणजे लिटरभर द्रावणात पदार्थाचे किती मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या), नॉर्मॅलिटी म्हणजे त्यात किती सममूल्य भार. दोन्हींनी उत्तर एकच येतं. फरक आहे तो चूक कुठे होऊ शकते यात.

मोलर भार (एका मोलचे ग्रॅम) पदार्थाचा असतो, सममूल्य भार (एक मोल हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉनचं काम करणारे ग्रॅम) त्या पदार्थाच्या कामाचा. सायट्रिक आम्लाचा मोलर भार १९२. ते तीन हायड्रोजन देतं, म्हणून सममूल्य भार ६४. ते आम्ल मारणाऱ्या कॉस्टिक सोड्याचे दोन्ही आकडे ४०.

आता ब्युरेटपाशी (मिलीच्या खुणा आणि तोटी असलेल्या नळीपाशी) या. १० ग्रॅम रस पाण्यात पातळ केला, आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले आणि ०.१ नॉर्मल सोडा ६ मिली गेल्यावर फिकट गुलाबी रंग टिकला. ६ × ०.१ × ६४ म्हणजे ३८.४ मिलिग्रॅम, अर्थात ०.३८ टक्के. एका ओळीत काम झालं. मोलने करायचं तर सोड्याचे ०.६ मिलिमोल, त्याला तीनाने भागा, मग १९२ ने गुणा. तो तीन विसरलात तर रस तिप्पट आंबट ठरतो, आणि हे मी भर हंगामात होताना पाहिलंय. (कोकमाच्या आगळाला मात्र हा गुलाबी रंग कामाचा नाही, आगळ मुळातच लाल. तिथे पीएच मीटर लावा.)

म्हणजे रोज तीच अभिक्रिया असेल तर सममूल्य भार घ्या, बिनधास्त.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे समोरच्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन घेणारं रसायन, हातात आलं की माझं मत बदलतं. त्याचा मोलर भार १५८. आम्लात ते पाच इलेक्ट्रॉन घेतं, सममूल्य भार ३१.६, उदासीन द्रावणात तीनच, म्हणून ५२.७. आम्लासाठी '०.१ नॉर्मल' लिहिलेली बाटली उदासीन द्रावणात वापरली तर ती ०.०६ नॉर्मलच भरते. बाटली तीच, लेबल खोटं. '०.०२ मोलर' हे लेबल मात्र दोन्हीकडे खरं राहतं. १९७१ साली मोल एसआयचं (आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचं) मूळ एकक झालं. आता पाठ्यपुस्तकांचा भरही त्याच्यावरच असतो. बीएस्सीची परीक्षा द्यायची असेल तर मोलनेच सराव करा.

आमच्याकडे सोड्याच्या बाटलीवर नॉर्मॅलिटी लिहितो. परमँगनेटवर मोलॅरिटी, आणि नॉर्मॅलिटी लिहायचीच झाली तर शेजारी 'आम्लात' हा शब्द.