पहिलं डेकल खरं होतं

चौदा जुन्या डेकलांसाठी, म्हणजे गाड्यांच्या दुकानांच्या, पाण्यात भिजवून काचेवर चिकटवायच्या छापील चित्रांसाठी, मी 640 डॉलर मोजले. त्यातलं एकही जुनं निघालं नाही. कॅलिफोर्नियात राहणारे, माझ्यासारखाच नाद असलेले आणखी काही मराठी लोक मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो आहे.

हा नाद कशाचा, ते आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढायची, इंजिनात फेरफार करायची आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर वेग लावायची. त्यांना लागणारे सुटे भाग विकणारी दुकानं म्हणजे स्पीड शॉप. अ‍ॅलेक्स झिडियास यांनी 1946 मध्ये बरबँकला सो-कॅल स्पीड शॉप काढलं. एड इस्केंडेरियन कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) घासून द्यायचे, आणि डीन मून यांच्या दुकानाची खूण असलेले ते दोन टपोरे डोळे तर आजही गाड्यांवर दिसतात. या दुकानांची डेकल पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून काचेवर लावायची. एकदा लावलं की ते गाडीबरोबरच संपायचं. म्हणून कागदावर तसंच राहिलेलं, न वापरलेलं डेकल हाती आलं की मला अजूनही भरून येतं.

विकणाऱ्याने ओळख काढली ती एका डेकलवरून. 22 डॉलरला त्याने मला एक अस्सल डेकल पाठवलं. जुना, ठिसूळ झालेला कागद, मागे लावण्याच्या सूचना छापलेल्या, वार्निश मधासारखं पिवळं. मी निर्धास्त झालो. महिन्याभराने त्याचा निरोप आला: आजोबांचं गॅरेज रिकामं करतोय, 1948 ते 52 मधला माल आहे, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, पण तुम्ही जाणकार आहात म्हणून आधी तुम्हाला विचारतो. सोबत फोटो होता, हिरव्या पत्र्याच्या डब्यात डेकलांची चळत. पैसे मात्र ऑनलाइन, ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायातून पाठवा म्हणाला, कमिशन वाचेल. त्या पर्यायात खरेदीला संरक्षण मिळत नाही हे मला ठाऊक होतं. तरी पाठवले, कारण पहिलं डेकल खरं होतं.

पाकीट आलं तेव्हा आनंदच झाला. संशय आला तो पत्त्यावरून. एका डेकलवर लॉस एंजेलिसच्या दुकानाचा पत्ता होता आणि शेवटी पाच आकडी पिनकोड. इथला झिप कोड 1963 मध्ये सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत नावापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग क्रमांक आणि मग ‘कॅलिफ.’ असं लिहायचे. राज्याची दोन अक्षरी खूणही 1963 चीच, आणि या डेकलवर तीसुद्धा होती. 1950 च्या छपाईत ही दोन्ही येणं शक्यच नाही.

पुढच्या रविवारी पहाटे पोमोनाच्या स्वॅप मीटला गेलो, म्हणजे इथल्या जुन्या बाजाराला. तिथे वर्षानुवर्षं फक्त कागदी माल मांडून बसणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी काही न बोलता दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या हातात दिलं. लाल रंगात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके विखुरलेले दिसले. जुनी डेकल जाळीतून एकेक रंग दाबून छापायचे, त्यात लाल म्हणजे सलग लालच. मग त्यांनी मून यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला. खऱ्यात ते बुबुळाभोवतीचं पांढरं वेगळ्या शाईचा थर असतो, नखाला जाणवतो. माझ्याकडच्यात तो नुसता कोरा कागद होता. घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते ना! वर पारदर्शक पापुद्रा चित्रापुरता नसून अख्ख्या कागदावर पसरलेला. त्यांनी छोटी अतिनील बत्ती मारली आणि कागद निळसर पांढरा उजळला. कागद चकचकीत करणारी ती रसायनं 1950 च्या आसपास रुळू लागली, 1948 च्या मालात ती कशी असतील? कडांचा पिवळेपणा चहाचा होता. नाकाशी धरल्यावर वाससुद्धा आला.

नवी प्रतिकृती विकणं हा गुन्हा नाही. मूळ दुकानांचे आजचे मालकही नवी डेकल छापतात, उघडपणे आणि स्वस्तात, आणि मी ती आनंदाने घेतो. पण चहात बुडवून, आजोबांचं नाव सांगून विकणं ही चोरी आहे. त्याचं खातं बंद झालंय, बँकेने हात वर केले. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे, पैसे परत येतील असं वाटत नाही.

तो नव्या नावाने पुन्हा येणार याची मला खात्री आहे. स्वस्तात एक सुंदर डेकल मिळालं आणि महिन्याभराने हिरव्या डब्याचा फोटो आला, तर त्याच्याकडून मागच्या बाजूचा आणि भिंगाखालचा जवळून फोटो मागा. मी मागितला असता तर तो तिथेच गप्प झाला असता.