द्राक्षातल्या जीएवर प्रकल्प : डॉकिंग घ्यावं की समीकरणं?

नाशिकला बायोटेकच्या एमएस्सीला असणाऱ्याची स्वतःची द्राक्षबाग नसली, तर मामाची तरी असतेच. त्यामुळे प्रकल्पासाठी जिबरेलिन हे वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक, म्हणजे बागेतलं ‘जीए’, सुचणं साहजिक. पेच त्यानंतरचा : रिसेप्टरवर (जीएला ओळखून धरणाऱ्या प्रथिनावर) डॉकिंग करायचं, म्हणजे रेणू त्यात कसा आणि किती घट्ट बसतो ते संगणकावर बघायचं, की जीएचा संदेश पेशीत पुढे कसा जातो याचं गणिती मॉडेल बांधायचं?

डॉकिंगची भुरळ पडतेच. ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बंध किती घट्ट याचा आकडा लगेच मिळतो आणि रंगीत चित्रांवर परीक्षक खूश होतात. जीआयडी१ हा रिसेप्टर २००५मध्ये भातात सापडला, २००८मध्ये त्याची स्फटिकरचनाही आली. पण मेख त्या रचनेतच आहे. जीए खोबणीत बसला की जीआयडी१चं एक टोक झाकणासारखं त्यावर मिटतं आणि त्या झाकणावर डेला हे वाढ रोखून धरणारं प्रथिन येऊन बसतं. नेहमीच्या डॉकिंगमध्ये रिसेप्टर ताठ धरलेला असतो, तिथे झाकण मिटणार कुठून? शिवाय सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोलचा फरक म्हणजे बंधाच्या ताकदीत दहापट फरक. व्हिनाची चूक त्याहून सहज मोठी असते. तेव्हा जिबरेलिनच्या प्रकारांपैकी जीए३ सरस की जीए४, हे त्या आकड्यांवरून ठरवू नका. आधी जीए१ आणि निष्क्रिय जीए८ यांत तरी त्याला फरक कळतो का, ते बघा.

समीकरणं दिसायला रुक्ष. जीए आला की डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, त्याचा फडशा पाडतं. आणि डेला घटलं की जीए बनवणारी काही जनुकंही मंदावतात. याचं सोपं रूप मोजक्या समीकरणांत बसतं. अशी समीकरणं सोडवणारं कोपासी हे सॉफ्टवेअरही फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या गटाचं २०१२चं अरॅबिडॉप्सिसवरचं (प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या छोट्या रोपावरचं) मॉडेल पायाला घेता येईल. खरी डोकेदुखी दर-स्थिरांकांची, म्हणजे प्रत्येक क्रिया किती वेगाने होते त्या आकड्यांची : अरॅबिडॉप्सिसचे आकडे द्राक्षाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणून प्रत्येक दर दहापट खाली-वर करून निष्कर्ष टिकतो का, हे तपासावंच लागतं.

माझं मत समीकरणांना. मणी ३-४ मिमीचे असताना पहिलं डिपिंग केलं (घड जीएच्या द्रावणात बुडवले), तर दुसरं कधी करायचं, हा बागेतला प्रश्न वेळेचा आहे आणि डॉकिंगमध्ये वेळच नसते. नवा रेणू जीआयडी१मध्ये बसेल का, एवढंच विचारायचं असेल तर मात्र डॉकिंगच घ्या.

गाइडना विभेदक समीकरणांचं वावडं असेल तरी डॉकिंगच घ्यावं लागेल. फक्त प्रबंधाच्या शीर्षकात ‘डोस’ हा शब्द घालू नका; बागेत जीए किती द्यायचा, हे डॉकिंग सांगत नाही.