झायलोजचं काय करायचं: दुसरं यीस्ट की डायजेस्टर?

उसाच्या चिपाडातल्या साखरेपासून इथेनॉल करताना ग्लुकोजची काळजी नसते, तो सॅकरोमायसिस हे नेहमीचं यीस्ट निमूटपणे संपवतं. गाडी अडते झायलोजपाशी. पाच कार्बनच्या या साखरेला ते तोंड लावत नाही, आणि चिपाडात हेमिसेल्युलोज, म्हणजे ज्यातून झायलोज निघतो तो भाग, साधारण पाव हिस्सा असल्यामुळे ती सोडूनही देता येत नाही. मग दोन वाटा उरतात. त्याच भांड्यात जोडीला स्टिपिटिस हे दुसरं यीस्ट घालायचं, किंवा इथेनॉल काढून घेऊन उरलेलं पाणी शेणाच्या डायजेस्टरला, म्हणजे गोबरगॅसच्या बंद टाकीला, द्यायचं. मी दोन्ही केलं आहे.

कागदावर जोडी सरस. दोन्ही साखरांचं इथेनॉल होतं, ग्रॅममागे सैद्धांतिक ०.५१ ग्रॅम. दोन्ही यीस्ट पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) संग्रहातून मिळतात. थीसिसमध्ये आलेखही देखणे येतात, आणि परीक्षकांना ते आवडतात.

माझं बिनसलं ते हवेवरून. झायलोज पचवायला स्टिपिटिसला चिमूटभर ऑक्सिजन लागतो. तो जरा जास्त झाला की यीस्ट इथेनॉल करायचं सोडून स्वतःच वाढत बसतं, वर तयार इथेनॉलही खातं. कमी पडला की झायलोज जागचा हलत नाही, नाहीतर त्याचं इथेनॉलऐवजी झायलिटॉल हे साखर-अल्कोहोल होतं. शिवाय ग्लुकोज आहे तोवर स्टिपिटिस झायलोजकडे बघत नाही, आणि बघतं तेव्हा जोडीदाराने केलेलं इथेनॉल त्याला सोसत नाही. हा सगळा तोल शेकरच्या, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्राच्या, वेगावर सांभाळायचा, आणि आमचा शेकर भोसरीत, जिथे वीज जाण्याचा वार गुरुवार! गुरुवारी वीज गेली की शेकर बंद, फ्लास्कमधली हवा संपली, शुक्रवारी झायलोज जिथल्या तिथे. जनरेटर आहे, पण त्यावर फ्रीज आणि साहेबांचा एसी.

डायजेस्टरला गुरुवार कळत नाही. तिथे हवा नकोच असते. झायलोज, ग्लिसरॉल, यीस्टला त्रास देणारं अ‍ॅसिटिक आम्ल, हे सगळं त्या मिश्र जिवाणूंचं अन्न. निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हसाठी रांग लावावी लागत नाही. एक किलो सीओडी (पाण्यातला सेंद्रिय माल, त्याला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापात) पचला की ०.३५ घनमीटरपर्यंत मिथेन मिळतो. आपल्याकडच्या आसवण्या स्पेंट वॉशवर, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या पाण्यावर, वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत.

त्रास इथेही आहे. रुळायला आठवडे जातात, अधाशासारखं भरवलं तर आम्ल साचून पीएच कोसळतो. चिपाडाला सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली असेल तर सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो. कुजक्या अंड्यांच्या त्या वासावरून शेजारच्या युनिटने आमच्याशी भांडण काढलं होतं. आणि हिशेब लिटर इथेनॉलमध्येच द्यायचा असेल तर गॅस दाखवून भागणार नाही.

ऑक्सिजन प्रोब असलेला फर्मेंटर हाताशी असेल तर कदाचित माझी तक्रार तुम्हाला लागूही होणार नाही, जोडी जरूर करून बघा. नुसता शेकर असेल तर मी तरी आधी शेण आणायला जाईन.